जुना बदामी

गाडीच्या आतल्या प्लास्टिकला रंग देता येतो, हे पुष्कळांच्या डोक्यातच येत नाही. बाहेरच्या पत्र्याचं डेंटिंग-पेंटिंग आपण रस्त्यावर रोज बघतो. आतलं प्लास्टिक मात्र कंपनीतून जसं आलं तसंच म्हातारं व्हायचं, असं आपण धरून चालतो. फार तर त्यावर रेक्झिन चढवायचं. आमच्या गाडीच्या दोन दरवाजांमुळे गेल्या दोन महिन्यांत या विषयाचं बरंच शिक्षण मला मिळालं. ज्यानं ते दिलं तो एकेकाळी माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. तेव्हा हा लेख रंगाबद्दल आहे, तसाच त्याच्याबद्दलही आहे.

गाडी मूळची माझ्या आपाच्या घरची. पांढरी, जुन्या बांधणीची, आतून बदामी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आपाच्या गल्लीत ते गाडीच्या निम्म्या दरवाजापर्यंत आलं आणि काही दिवस हललंच नाही. गाडी उतारावर उभी होती, उजवी बाजू खाली. नंतर चिखल काढायला आणि दरवाजे आतून वाळवायला मेकॅनिकनं पॅनल ओढून काढले, त्यात उजवीकडचे दोन्ही चिरले. दुल्हेभाई कोल्हापूरच्या भंगारातून त्याच मॉडेलचे दोन पॅनल घेऊन आले. ते होते गडद करडे. डावीकडे बदामी, उजवीकडे करडे. आपा चिडली, तर दुल्हेभाई म्हणाले, "दरवाजा बंद होरा ना? बस." पूर आलेल्या घरात त्या वर्षी रंग कोण बघत होतं.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत दुल्हेभाई गेले. गाडी वर्षभर कव्हरखाली पडून होती. मग आपानं ती मला दिली, कारण घरात गाडी चालवणारी मीच. मिरजेत शाळेला जायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला तिचाच उपयोग. सासूबाई मागे बसल्या की त्या करड्या दरवाजावर हात ठेवून न चुकता म्हणतात, "पैबंद लगाए सरका दिखता गे."

आता भाचीचं लग्न ठरलं. तिनं मागितलं ते एकच : रुखसती अब्बांच्या गाडीतून व्हावी. भाड्याची, फुलांनी मढवलेली मोठी गाडी नको. आपानं मला फोन केला आणि पैशांचं काही न बोलता एवढंच म्हणाली, "दरवाजे तेवढे एकसारखे करून घे गं."

नवे पॅनल मिळत नव्हते, ते मॉडेलच बंद झालंय. सीट कव्हरवाल्यानं रेक्झिन सुचवलं. पण दरवाजाच्या पॅनलला इतके खाचखळगे असतात की रेक्झिन कोपऱ्यात ताणून बसतं आणि दोन उन्हाळ्यांत सुटतं. त्यानंच मग एका गॅरेजचा पत्ता दिला. "तिथला पोरगा प्लास्टिकचं काम करतो, हात साफ आहे," म्हणाला.

गॅरेजमध्ये मी गाडी लावली, तेव्हा एक मुलगा तोंडाला रुमाल बांधून एका बंपरवर गन मारत होता. मला बघून त्यानं गन खाली ठेवली, रुमाल ओढून गळ्यात घेतला आणि "टीचर!" म्हणून उभा राहिला. सलाम झाला. एका पोरानं खुर्ची आणली. त्यानं ती आपल्याच गळ्यातल्या रुमालानं पुसली. वडील आजारी पडले म्हणून नववीत शाळा सुटलेला हा मुलगा आता तेवीस वर्षांचा आहे. त्याचं नाव मी इथे देत नाही. त्याला विचारलं होतं, तो लाजला.

त्यानं पहिलं काम केलं ते पॅनल उलटा करण्याचं. मला वाटलं क्लिपा बघतोय. तर तो मागे कोरलेली अक्षरं शोधत होता. प्लास्टिकच्या प्रत्येक मोठ्या भागाच्या मागे, दोन बाणांच्या मध्ये, ते कुठलं प्लास्टिक आहे ते लिहिलेलं असतं. वापर संपल्यावर वेगवेगळं प्लास्टिक वेगळं काढता यावं म्हणून ही सोय. रंगाऱ्याला ती कुंडलीसारखी उपयोगी पडते. "ये पीपी हाय टीचर," तो म्हणाला. "इसपे रंग टिकता नै. ऊपर का हँडलवाला एबीएस हाय, उसकू चलता."

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या बादल्या आणि डबे असतात ते. त्याचा पृष्ठभाग काहीच धरून ठेवत नाही. पाणी टाकलं तर थेंब गोळा होऊन घरंगळतो, रंगही तसाच. सरळ रंग मारला तर दिसायला सुरेख दिसतो आणि महिन्याभरात नखानं पापुद्रा निघतो. म्हणून त्यावर आधी पारदर्शक प्लास्टिक प्रायमरचा अगदी पातळ हात द्यावा लागतो. तो प्लास्टिकलाही धरतो आणि वरच्या रंगालाही. एबीएसचं उलटं आहे : रंग पकडतं, पण थिनर जहाल असला तर त्याच्यावरच केसासारख्या बारीक चिरा पडतात. एकाच दरवाजात दोन स्वभाव, आणि वरून ते एकाच रंगाचे दिसायला हवेत.

मग धुणं. यात त्याचा अख्खा दिवस गेला. मला आधी वाटलं हा वेळकाढूपणा, मग त्यानं कारण सांगितलं. गाडी धुणारे डॅशबोर्डला आणि दरवाजांना चमक यावी म्हणून जे पॉलिश चोळतात त्यात सिलिकॉन असतं. त्याचा अंश जरी उरला तरी ओला रंग त्या जागेपासून दूर पळतो आणि गोल गोल खड्डे पडतात. त्यांना हे लोक 'फिश आय' म्हणतात. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, दात घासायचा ब्रश, मग स्पिरिट, मग पुन्हा तेच. पुराचा बारीक गाळ क्लिपांच्या खोबणीत अजून होता. पाच वर्षांनीसुद्धा कृष्णेची माती ओली झाली की तोच वास येतो.

घासण्याचीही एक गंमत. पत्र्याला पाणी-पेपर मारून गुळगुळीत करतात. पण प्लास्टिकच्या पॅनलवर चामड्यासारखी बारीक खडबडीत जाळी असते. ती पेपरनं घासली की गेली, परत येत नाही. म्हणून तो खरखरीत घासणीनं फक्त चमक मारतो, आणि रंगाचे हात इतके पातळ देतो की जाळी भरून जाऊ नये. "मोटा मारा तो टीचर, प्लास्टिक नै दिखता, पाइप का रंग दिखता." हे वाक्य मला फार आवडलं.

आता मुख्य गोष्ट : रंग कोणता.

बाहेरच्या रंगाला कोड असतो. गाडीवरच्या पट्टीवरून तो वाचायचा, दुकानदार यंत्रातून मिसळून देतो. आतल्या प्लास्टिकचा रंग मात्र वरून दिलेलाच नसतो, तो कारखान्यात प्लास्टिकच्या दाण्यातच मिसळलेला असतो. त्यामुळे रंगाच्या दुकानात त्याचा नुस्खा सापडत नाही. डोळ्यानं जुळवावा लागतो. आणि डोळ्यानं जुळवायचा तर आधी त्याला नाव द्यावं लागतं.

इथे माझ्यातली भाषेची शिक्षिका जागी झाली. आपा त्याला बदामी म्हणते. सासूबाई म्हणतात खजुरी, जे अजिबात नाही. कंपनीच्या पुस्तिकेत बेज. रंगाच्या दुकानात मी 'फिकट तपकिरी, पण पिवळसर' असं सांगितलं, तर काउंटरवरचे गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "तुमचं मराठी छान आहे हो." वीस वर्षं मराठी शिकवते आहे, असं मी सांगितलं नाही. हे सांगणं आता मी बंद केलंय, त्यात वेळ जातो.

वर्गात मी रंगांचा एक तास दरवर्षी घेते. मुलांना सांगते, फळ्यावर दोन रकाने पाडा, एका बाजूला घरातले रंग, दुसऱ्या बाजूला पुस्तकातले. घरातून येतात गुलाबी, बदामी, आसमानी, फिरोजी, उन्नाबी, कासनी, सुरमई. पुस्तकातून येतात गुलाबी, बदामी, अस्मानी, तांबडा, जांभळा, तपकिरी, राखाडी. पहिले तीन दोन्हीकडे आहेत हे कळलं की मुलं आधी बुचकळ्यात पडतात, मग खूश होतात. खाकी हा शब्द पोलिसांचा नाही, तो ख़ाक म्हणजे धुळीचा रंग, हे सांगितलं की एक तरी मुलगा आपल्या चपलेकडे बघतो. किरमिजीत एक किडा दडलाय, तपकिरीत तपकीर. 'रंग' हा शब्द संस्कृतातही आहे आणि फारसीतही. त्या एका तासापुरती मुलांना कुठली भाषा आपली आणि कुठली परकी याची वाटणी करावी लागत नाही. एरवी ती त्यांच्यावर लादलीच जाते. आमच्या दख्खनीला उर्दूवाले हसतात आणि मराठीवाले तिला हिंदी समजतात.

या मुलानं तो तास केला होता. त्याला आठवत होता की नाही, मी विचारलं नाही. त्यानं डावीकडच्या बदामी दरवाजावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "ये बदामी नै टीचर. पुराना बदामी हाय."

मग त्यानं दाखवलं. डाव्या दरवाजाचं हँडल सोडवलं, तर त्याच्याखाली प्लास्टिकचा एक तुकडा होता ज्याला ऊन कधी लागलंच नव्हतं. तो फिका, थंड, जवळजवळ दुधाळ होता. बाहेरचा भाग त्याच्यापेक्षा पिवळा आणि जरासा मळकट. उन्हानं एबीएस पिवळं पडतं. त्यातल्या रबरासारख्या घटकाला हवा आणि ऊन मिळून जाळतात. सात-आठ वर्षं शेजारी शेजारी बघूनही हे दोन रंग मला कधी दिसले नव्हते, कारण ते कधी शेजारी नव्हतेच.

भाचीला मी फोटो पाठवले. तिचं म्हणणं, लपलेला रंग हाच खरा, अब्बांनी गाडी घेतली तेव्हाचा, तोच लावा. मुलानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तो रंग उजवीकडे लावला तर उजवे दरवाजे नवे आणि डावे मळके दिसतील, पैबंद तसाच राहील, फक्त बाजू बदलेल. चारही रंगवायचे तर डॅशबोर्डचं काय, खांबांवरच्या पट्ट्यांचं काय? त्याचं साधं म्हणणं होतं : जो शेजारी बसणार आहे त्याच्याशी जुळवायचं. भाची फोनवर थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दरवाजाच्या खिशाच्या आत गन पोचते का?" तो म्हणाला, तळाशी नाही पोचत, तिथे करडाच राहील. "राहू दे," ती म्हणाली. ते करडे दरवाजे तिच्या अब्बांनी स्वतः बसवले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

रंग जुळवायला त्यानं तीन दिवस घेतले. सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर प्लास्टिकचा कप. कपात आधी पांढरा, बराच. मग पिवळी माती, म्हणजे गेरूची पिवळी बहीण, तिचा रंगातला अवतार. मग लाल मातीचा एक थेंब, काळ्याचे दोन. काळा अगदी सुईच्या टोकानं, कारण काळा एकदा जास्त पडला की परत निघत नाही, त्याला झाकायला पांढरा ओतत बसावं लागतं आणि कपाची बादली होते. ढवळायचं, एका पुठ्ठ्यावर मारायचं, वाळू द्यायचं, आणि वाळल्यावरच बघायचं. ओला रंग एक दिसतो, वाळलेला दुसरा. पुठ्ठा दरवाजाला चिकटवून तो गॅरेजच्या बाहेर उन्हात न्यायचा, मग सावलीत, मग आत ट्यूबलाइटखाली. एकदा उन्हात अगदी जुळलेला रंग ट्यूबखाली हिरवट झाला. दोन रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. त्यांत वापरलेली द्रव्यं वेगळी असली की असं होतं. त्याचं शास्त्रीय नाव त्याला माहीत नव्हतं, पण उपाय माहीत होता : थेंबभर लाल. पुन्हा पुठ्ठा, पुन्हा ऊन.

मिरजेत वाढलेल्या कुणालाही हे बघताना आमची सतारमेकर गल्ली आठवेल. तंतुवाद्यं बनवणारी ही मंडळी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. त्यांच्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात सतार दुरुस्तीकडे वळले आणि घराणंच वळलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले असतील. मला आठवतं ते लहानपणी बघितलेलं एका म्हाताऱ्या कारागिराचं पॉलिश. जुन्या तानपुऱ्याचा भोपळा फुटला की नवा तुकडा बसवायचे आणि लाखेचं पॉलिश फडक्यानं चोळत त्याला जुन्याच्या रंगावर आणायचे. ते नेहमी उंबऱ्यात बसायचे, अर्धं अंग उन्हात, अर्धं सावलीत. तेव्हा मला वाटायचं त्यांना थंडी वाजते.

तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तो वहीत लिहीत होता. साधी शंभर पानी वही, रंगानं बरबटलेली. मी डोकावले. प्रत्येक पानावर एक गाडी, तिचा आतला रंग, आणि खाली उजवीकडून डावीकडे उर्दूत नुस्खा : सफ़ेद इतके ग्रॅम, पिवळा इतका, काळा इतका. मधूनच मराठी शब्द उर्दू लिपीत. 'राखाडी' हा शब्द त्यानं उर्दूत लिहिला होता, 'ड' वर बरोबर तो छोटा 'तोय' काढून, जसा मी फळ्यावर काढते. ये चे दोन ठिपके जरा तिरके, माझेही तसेच पडतात. अशी साठ-सत्तर पानं होती. शाळेत या मुलाची वही मी कधी पूर्ण बघितली असेन असं वाटत नाही, कारण त्यानं ती कधी पूर्ण केलीच नव्हती.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

करड्यावर थेट बदामी चढत नाही, खालचा काळपटपणा वर येतो. म्हणून आधी पांढरा हात, मग बदामीचे तीन पातळ हात, आणि शेवटी त्यावर संरक्षणाचा पारदर्शक, बिनचमकीचा हात. हा शेवटचा हात दोन प्रकारचा असतो. एक डब्यातून काढून थिनर घालून मारायचा. दुसऱ्यात हार्डनर मिसळावा लागतो, याला गॅरेजमध्ये टू-के म्हणतात. हार्डनरवाला पक्का. घाम, सॅनिटायझर, कशानंच तो निघत नाही. हा सगळं काम टू-केनं करतो आणि त्याचा त्याला अभिमान आहे.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. भोपाळमध्ये १९८४ साली जो वायू सुटला तो याच कुळातला, मिथाइल आयसोसायनेट. रंगातली रसायनं त्याची दूरची भावंडं आहेत, तशी उडून जाणारी नाहीत. पण गननं मारली की त्यांचा धुरासारखा बारीक फवारा होतो आणि तो श्वासात जातो. त्यातून दमा होतो. गाडी रंगवणाऱ्यांचा हा जगभर ओळखीचा आजार आहे. वाईट हे की शरीर एकदा या रसायनावर चिडलं की नंतर अगदी थोडा वासही पुरतो. मग ते काम कायमचं सोडावं लागतं. आणि नाकाला वास येईपर्यंत मात्रा आधीच जास्त झालेली असते. सुती रुमाल यातलं काहीच अडवत नाही. रुमालानं फक्त दाढीला रंग लागत नाही.

मी विचारलं, खोकला येतो का? म्हणाला, "संध्याकाळ को थोडा. सबकू आता." त्याच्या उस्तादांनी चार वर्षांपूर्वी गन मारणं सोडलंय. ते आता फक्त बसून बघतात आणि बोलताना मध्ये थांबतात. त्यांना काय झालंय हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण थांबतात.

मी म्हटलं, आमच्या दरवाजांना हार्डनर नको. साधा हात मार. दोन वर्षांत हँडलपाशी उडाला तर उडू दे. त्याचा चेहरा उतरला. "टीचर, मैं कच्चा काम नै देता." मी म्हटलं, मला चालतंय. म्हणाला, "आपकू चलता, मेरेकू नै चलता. शादी की गाडी हाय." आमचं यावर बराच वेळ चाललं. तिथे बसलेल्या एका ग्राहकाला वाटलं भावावरून भांडण चाललंय.

शेवटी ठरलं ते असं. दरवाजाचा मोठा भाग, ज्याला फारसा कुणाचा हात लागत नाही, तो साध्या हातानं. फक्त हात टेकायची जागा आणि ओढायची मूठ टू-केनं, गॅरेजच्या आत नव्हे तर मागच्या मोकळ्या जागेत, मास्क लावून. मास्क मी आणला. रबरी, दोन बाजूंना डबे असलेला, सोबत हातमोजे आणि चष्मा, कारण ही रसायनं कातडीतूनही त्रास देतात. खरं तर अशा फवाऱ्याला नळीनं बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. परदेशात, आणि आपल्याकडच्याही मोठ्या वर्कशॉपमध्ये तो असतो. या गॅरेजमध्ये पंखाही एकच आहे. डबेवाल्या मास्कचे डबे ठरावीक दिवसांनी बदलावे लागतात, हे मी त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहून आले. त्यानं मास्क घातला तेव्हा बाकीची पोरं "हत्ती आया" म्हणून ओरडली. तो हसला, पण काढला नाही.

मोठ्या वर्कशॉपचा विषय निघालाच होता. तिथे रंगाची बंद खोली असते, हवा खेचणारे पंखे असतात, पगार दर महिन्याला ठरलेला असतो. हा तिथे दोनदा जाऊन आलाय. हाताचं काम बघून दोघांनीही मान डोलावली आणि मग विचारलं, दहावीचं सर्टिफिकेट? त्याच्याकडे नाही. रंगाच्या नुस्ख्यांची साठ-सत्तर पानं कुठल्याच कपाटात लावता येत नाहीत.

बाहेरून दहावी देण्यासाठी बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म असतो. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत आणि किमान पाचवी पास. हा आठवी पास आहे. दहावी उर्दूतूनही देता येते. मी त्याला हे सगळं सांगितलं. मराठीच्या पेपरची काळजी करू नकोस, रविवारी ये, म्हटलं. "राखाडी" तर तुला लिहिता येतंच. तो पॅनलच्या क्लिपा दाबत होता, मान वर न करता म्हणाला, "अब इस उमर में टीचर?" मी म्हटलं, तेवीस ही उमर आहे का रे? त्यावर उस्ताद खुर्चीतून म्हणाले, "भर रे फॉर्म." मग थांबले, श्वास घेतला आणि पुढे म्हणाले, "मेरी तरा बैठनेका हाय क्या इधर?"

दरवाजे बसले. चार हजार ठरले होते, त्यानं साडेतीन घेतले, मी पाचशे त्याच्या वहीत ठेवले आणि फॉर्मच्या फीसाठी आहेत असं सांगितलं. गाडीत बसून बघितलं तर डावं-उजवं ओळखू येत नाही. खोटं कशाला बोलू, अगदी संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, उजवा दरवाजा किंचित गुलाबी दिसतो. मी हे त्याला सांगितलं. तो स्वतः गाडीत येऊन बसला, मगरिबची अजान होईपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, "हौ. आधा थेंब लाल जास्ती हुआ." वही काढून त्यानं त्या पानावर तसं लिहिलं.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी सवयीनं हात ठेवला, आणि पैबंदबद्दल काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वास आरा."

१७ नंबरच्या फॉर्मची मुदत अजून आहे. गेल्या रविवारी तो आला नाही. एका बंपरचं काम होतं, असा निरोप आला. काल शाळेतून येताना मी गॅरेजवरून मुद्दाम गेले, गाडीतून उतरले नाही. तो मागच्या मोकळ्या जागेत पाठ करून गन मारत होता, त्यामुळे चेहऱ्यावर काय होतं ते दिसलं नाही. डोक्यामागून दोन काळे पट्टे गेलेले दिसत होते.